घरात तिघं, तिघांचं पाणी वेगळं

पत्र असं आहे:

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय ३८. काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते, सकाळी नऊ ते साडेपाच. तिथे बायकांचा संडास आहे, पण दाराला आतून कडी नाही आणि पाणी बाहेरच्या टाकीतून बादलीने न्यावं लागतं, तेही माल उतरवणाऱ्या पुरुषांच्या समोरून. म्हणून सकाळी चहा घेऊन निघते ती घरी येईपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. आम्ही बहुतेक जणी असंच करतो. वर्षभरात मला तीनदा लघवीला जळजळ झाली. गोळ्या घेतल्या की थांबते, परत होते. संध्याकाळी डोकं ठणकतं. आमचे हे आंबा काढणीला जातात. ते भरपूर पाणी पितात, तरी रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. सासरे ७४ वर्षांचे, हृदय कमजोर आहे, पाय सुजतात. त्यांच्या डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नको म्हणून सांगितलंय. पण त्यांना मोबाईलवर कुणीतरी पाठवलं, उठल्या उठल्या चार ग्लास आणि दिवसाला चार लिटर पाणी प्या, सगळे रोग जातात. ते आता ऐकत नाहीत. एका घरात एक जण पीत नाही, एकाला पिऊन पुरत नाही, एकाला बंदी. माणसाने रोज पाणी प्यावं तरी किती?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सुरुवात तुमच्या सासऱ्यांपासून करते, कारण घाई तिथे आहे.

त्यांना ते चार ग्लास आजच थांबवायला सांगा. हृदय कमजोर असलं की शरीरात आलेलं पाणी पुढे ढकललं जात नाही, ते साठत जातं. आधी पायांवर दिसतं, मग फुप्फुसांत उतरतं. आडवं झाल्यावर दम लागायला लागला, रात्री दोनाच्या तीन उश्या घ्याव्या लागल्या, की समजायचं पाणी वर चढलंय. त्यांना लघवी होण्याची गोळी त्याचसाठी देत असतील. एकीकडून गोळीने पाणी काढायचं आणि दुसरीकडून चार ग्लास ओतायचे, यात हृदयाचीच दमछाक होते. मोबाईलवर ज्याने लिहिलं त्याने तुमच्या सासऱ्यांची छाती तपासलेली नाही. ज्यांनी तपासली त्यांनी दीड लिटर सांगितलंय, तोच आकडा खरा.

दीड लिटर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. चहा, पेज, ताक, सार, कढी, दूध, जे जे पातळ पोटात जातं ते सगळं त्यातच. माझ्या पेशंटना मी एक पद्धत शिकवते. सकाळी दीड लिटर पाणी बाटल्यांत भरून त्यांच्या खाटेशी ठेवा. ते एक कप चहा प्यायले की बाटलीतलं कपभर पाणी तुळशीला घाला. वाटीभर पेज घेतली की वाटीभर तिकडे. बाटलीत जे उरलं ते त्यांचं हक्काचं, त्यांनी ते हवं तेव्हा प्यावं. आठ दिवसांत माणसाला स्वतःलाच अंदाज येतो आणि घरातली वादावादी थांबते. आणि रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्यांचं वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, पाणीच असतं. त्या दिवशीच डॉक्टरांना कळवायचं.

त्यांना तहान लागते म्हणून ते ऐकत नसतील, तर ताटात काय आहे ते बघा. खारा बांगडा, सोडे, जवळा, लोणचं, पापड. मीठ जितकं जास्त तितकी तहान जास्त. मीठ कमी केलं तर अर्धी तहान तिथेच भागते. बाकीसाठी चूळ भरू द्या, लिंबाची फोड चोखू द्या. आणि शहाळं प्रेमाने देत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि हृदयाच्या काही गोळ्या पोटॅशियम अंगातच अडवून ठेवतात. ते फार वाढलं तर ठोक्यांची लय बिघडते. एक मात्र लक्षात ठेवा, त्यांना उलट्या-जुलाब झाले किंवा घामाने फार गळून गेले तर दीड लिटरचा हिशेब तसाच चालवायचा की बदलायचा, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. स्वतःच्या मनाने गोळीही बंद करायची नाही.

आता तुमचे हे. आपल्याकडचा उन्हाळा फसवा असतो. विदर्भासारखा पारा पंचेचाळिशीला जात नाही, म्हणून वाटतं काय एवढं. पण अंग थंड होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. शरीर थंड होत नाही म्हणून आणखी घाम काढतं. एप्रिलमध्ये झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन दिवसभर झाडाखाली मान वर करून उभा राहणारा, पेट्या उचलणारा माणूस तासाला लिटरभर घामही गाळू शकतो. त्यांचा सदरा वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे दिसतात का बघा. ते मीठ आहे. घामाबरोबर मीठ गेलं आणि त्यांनी भरलं नुसतं पाणी. म्हणजे रक्तातलं उरलेलं मीठही पातळ झालं. तुमच्या पत्रावरून मला तरी पोटऱ्यांतल्या गोळ्यांचं मूळ यातच दिसतं.

त्यांनी सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड घेऊन निघावं. हे आपल्या आज्या न शिकता करत होत्या आणि अगदी बरोबर करत होत्या. बागेत दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागण्याची वाट न बघता. दोन-तीन तासांनी एकदा आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं पाणी, त्यात जिरं आणि चिमूटभर साखर. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वेगळं लागत नाही. बाजारातलं अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. ते प्यायला गोड लागतं, पण मिठाचं काम करत नाही. ताक चालेल. शहाळं चांगलंच, पण त्यात सोडियम कमी असतं, म्हणून घाम गाळणाऱ्याला नुसत्या शहाळ्यावर सोडू नका. आणि एका तासात दीड लिटरच्या पुढे रिचवायचं नाही. मूत्रपिंडाला तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकता येतं. तुमच्या यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हा मिठाचा सल्ला परस्पर लागू करू नका, आधी विचारून घ्या. बागेत कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, चालता तोल जातोय, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

बघा, एकच आगळ. तुमच्या यांना औषध, सासऱ्यांना अपथ्य. म्हणून ‘माणसाने रोज किती पाणी प्यावं’ याचं एक आकड्याचं उत्तर मी देत नाही. ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ असं सगळीकडे सांगतात, तो आकडा कुठून आला तेही सांगते. १९४५ साली अमेरिकेतल्या आहार मंडळाने लिहिलं होतं की माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं, आणि त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढे लोकांनी पहिलं वाक्य धरलं, दुसरं सोडून दिलं. २००४ साली तिथल्याच तज्ज्ञांनी बाईला २.७ लिटर आणि पुरुषाला ३.७ लिटर असा अंदाज दिला. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१० साली दोन आणि अडीच लिटर म्हटलं. या सगळ्यात जेवणातलं, चहातलं पाणी धरलेलं आहे. शिजलेल्या भाताचा दोन तृतीयांश भाग पाणीच असतो, वर आमटी, वर कढी. चहाने अंगातलं पाणी कमी होतं असं म्हणतात, पण रोजच्या दोन-तीन कपांनी तसं काही होत नाही, तेही मोजायचं. आणि हे आकडे मे महिन्यातल्या गुहागरसाठी काढलेले नाहीत, घाम आला की वर आणखी लागतं.

मग कळायचं कसं? लघवीचा रंग बघा. सकाळची पहिली गडदच असते, ती सोडा. दुपारची फिक्या लिंबासारखी असेल तर पाणी पुरतंय. कोऱ्या चहाकडे झुकली असेल तर पुरत नाही. बी जीवनसत्त्वाच्या गोळीने ती भडक पिवळी होते, तेव्हा रंगाला फसू नका. तुमच्या सासऱ्यांना मात्र ही खूण लागू नाही. एक तर लघवीच्या गोळीमुळे रंग बदलतो. दुसरं, वय झालं की तहानेचीही जाणीव मंदावते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला कधी तहानेवरही विसंबता येत नाही. त्यांना बाटलीच बरी.

आता तुम्ही. तुमचं मी शेवटी घेतलं, म्हणून इथे जास्त लिहिणार आहे.

तुम्हाला पाणी प्यायचं असतं हे कळत नाही असं नाही. तुम्ही ते समजून उमजून बंद केलंय, कारण दाराला कडी नाही. हे मी स्वतः केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आरोग्य केंद्रात होते. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात. चार पुरुष बसलेल्या खोलीत जाऊन किल्ली मागायची, परत द्यायला जायचं. मी सकाळी सातला अर्धा कप चहा घ्यायची आणि दुपारी दोनपर्यंत कोरडी राहायची. समोर आलेल्या गरोदर बायकांना मात्र ‘पाणी भरपूर पी गो’ म्हणून सांगायची. मार्च महिन्यात एका दुपारी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत मागच्या बाजूला कळ, ओकाऱ्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. दहा दिवस अंथरुणात काढले. त्या दिवसापासून कुठल्याही बाईने जळजळ सांगितली की मी आधी विचारते, कामावर संडासला जाता येतं का?

बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटरची. जंतूंना आत शिरायला फार लांबचा प्रवास नसतो. ते रोजच शिरतात. लघवीची धार त्यांना धुऊन काढते. तुम्ही आठ तास प्यायलाच नाहीत तर धुणार कशाने? थोडी, गडद लघवी तासन् तास मूत्राशयात साचून राहते आणि जंतूंना वाढायला वेळ मिळतो. याची नीट तपासणीही झालेली आहे. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार जळजळ होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं प्यायला लावलं, निम्म्यांचं आहे तसं ठेवलं. वर्षभरात न पिणाऱ्यांना सरासरी ३.२ वेळा त्रास झाला, पिणाऱ्यांना १.७ वेळा. नुसत्या पाण्याने जवळजवळ निम्मा.

मुतखड्याचंही तसंच. एकदा खडा होऊन गेलेल्या लोकांना दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी होईल इतकं पाणी पाजलं, तर पाच वर्षांत परत खडा होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सत्तावीसवरून बारावर आलं. संध्याकाळी तुमचं डोकं ठणकतं तेही मला याचंच वाटतं, पण पाणी पिऊन आठ दिवसांत थांबलं नाही तर रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या.

आधी तपासणी. वर्षात तीनदा म्हणजे नुसत्या गोळ्या घेऊन भागण्यासारखं राहिलेलं नाही. लघवीची कल्चर तपासणी करायला सांगा, म्हणजे कुठला जंतू आणि कुठलं औषध ते कळेल. साखरही तपासा. गोळ्यांचा कोर्स पुरा करा, जळजळ थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडायचा नाही, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर नकोतच. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, लघवीत रक्त, उलटी यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

पाण्याचं असं करा. तुमच्या मनात भीती आहे की प्यायलं ते सगळं लगेच बाहेर येणार. तसं होत नाही. एकदम दोन ग्लास घटाघटा प्यायलं तर अंग त्याला जास्तीचं समजतं आणि तासाभरात सोडून देतं. तेच पाणी घोट घोट, मीठ असलेल्या खाण्याबरोबर घेतलं तर टिकतं. शिवाय बोर्म्याच्या, म्हणजे काजूगर सुकवायच्या भट्टीच्या बाजूला, पत्र्याखाली बसून घाम येतो त्यात बरंच जातं, ते लघवीत येतच नाही. म्हणून पहाटे उठल्यावर एक ग्लास, सातच्या सुमाराला मिठाची पेज, आणि घर सोडायच्या आधी संडासला जाऊन या. कारखान्यात लिटरभराची बाटली मांडीशी ठेवा, जेवणापर्यंत अर्धी, सुट्टीपर्यंत बाकीची. गर सोलून हात बरबटलेले असतात, घोटासाठी उठून हात धुवायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. वर चोखायचं तोंड असलेली बाटली आणा, मनगटाने धरून पिता येते. घरी आल्यावर राहिलेलं प्या. मे महिन्यात विहीर तळाला गेली, टँकरची वाट बघायची वेळ आली की घरातली बाई स्वतःच्या पिण्यातून वाचवते, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर पिते. तुम्ही तसं करू नका. एका हंड्यातलं तुमच्या पिण्याचं पाणी दोन-तीन लिटर, कपडे एक दिवस उशिरा धुतले तरी तेवढं निघतं. टँकरचं आणि पावसाळ्यातलं पाणी मात्र खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका, कावीळ आपल्या भागात नवी नाही.

पण बाटली नेलीत तरी तीन-चार तासांनी एकदा जावंच लागणार आणि गेलंच पाहिजे. म्हणून कडी. कामगारांना पिण्याचं चांगलं पाणी आणि बायकांना बंद दाराचा, वेगळा संडास देणं ही मालकाची मेहरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ते लिहून ठेवलेलं आहे. तरी पहिल्याच दिवशी कायदा काढू नका. पाच-सहा जणी मिळून जा, एकटीने नाही, एकटीला उत्तर मिळत नाही. मुकादमाशी नको, मालकाशीच बोला, आणि तीनच गोष्टी मागा. आतून कडी. टाकीपासून आतपर्यंत नळाची एक लाइन. पिण्याच्या पाण्याचा माठ संडासापासून लांब, सावलीत. लाज वाटली तर आजाराचं बोला. जळजळ होऊन तीन-तीन दिवस घरी बसणाऱ्या बायका मोजून सांगा. मालकाला खाडे लगेच कळतात. तुमच्याच कारखान्यातल्या आणखी किती जणींना हा त्रास आहे ते आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे गावातल्या घरोघरची माहिती असते आणि त्या बरोबर आल्या तर शब्दाला वजन येतं. कडी लावून मिळेपर्यंत दोघी-दोघींनी जा, एकीने दार धरायचं. ते पुरेसं नाही, पण तोपर्यंत तुमचं पाणी बंद नको.

कल्चरचा रिपोर्ट आला की मला लिहा. कडी बसली की तेही लिहा, मी वाट बघते.